खांद्यावरचा हात

“एक मालिका धड ऐकायची सोय नाही या घरात. माणसं नुसती तोंडं हलवतात, बोलतात काय ते देव जाणे.”

सासूबाईंचं हे पुटपुटणं पार्टिशनपलीकडून आलं, आणि अलीकडे पलंगाच्या कडेवर बसलेल्या वहिनींनी सवयीने आपला आवाज आणखी खाली उतरवला. पार्टिशन प्लायवुडचं. चोवीस वर्षांपूर्वी लग्न ठरल्यावर नवरदेवाने स्वतःच्या हाताने ठोकलेलं. त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान. त्यामुळे कडेची पट्टी बघत राहावी अशी सुबक, पण मधलं प्लाय इतकं पातळ की पलीकडे सासूबाईंनी कूस बदलली तर अलीकडची उशी हलावी. लग्नानंतरचं सगळं प्रेम, सगळी भांडणं आणि एका लेकीचं नाव ठरवणं, हे या जोडप्याने कुजबुजतच उरकलं होतं.

“शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी परत,” वहिनी कुजबुजल्या. “खोली सांगून ठेवलीय. द्राक्षांच्या मळ्यात. खिडकी उघडली की वेलीच वेली. संध्याकाळी तळघरात नेऊन वाइनची पिंपं दाखवतात. मग अंगणात दोघांचं टेबल मांडतात, मेणबत्ती लावून.”

“आपण वाइन कधी प्यायलोय?” फ्रेमवाले कुजबुजले.

“नाही प्यायलो. म्हणूनच.”

“आणि मेणबत्ती कशाला? लाइट नाहीत का तिथे?”

वहिनींनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. चोवीस वर्षांच्या संसारात काही प्रश्नांना एवढंच उत्तर पुरतं.

“या वेळी काही म्हणजे काही चुकणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सगळं माझ्यावर सोडा.”

हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर आपण सोडून दिलं असतं. पण वहिनी दातांच्या दवाखान्यात बारा वर्षं दारातल्या टेबलावर बसलेल्या. कुणाला कधी आत सोडायचं, हे त्यांच्या हातात. सुजलेला गाल धरून माणूस गयावया करत उभा राहिला तरी वहीतून मान वर न काढता म्हणायच्या, “आज नाही. मंगळवारी चार वाजता.” दिवसाला चाळीस माणसांना नाही म्हणणारी बाई. घराच्या उंबऱ्यात पाऊल पडलं की मात्र ते ‘नाही’ चपलांबरोबर बाहेरच राहायचं.

त्याला कारण होतं या घराची रीत. घरातून कुणीही कुठेही निघालं, अगदी कोपऱ्यावर पाव आणायला का असेना, की दारात थांबून विचारायचं, “येता का?” आणि समोरच्याने म्हणायचं, “नको, तुम्ही जाऊन या.” विचारणाऱ्याचा मान राहतो, नाकारणाऱ्याचा राहतो, आणि कुणी कुठे येत नाही. सासऱ्यांच्या काळापासून हे यंत्र विनातक्रार चालत होतं. बिघडलं ते एकदाच, आणि बिघडवलं वहिनींनीच.

लग्नाला आठ दिवस झाले होते. दोघं चार दिवसांसाठी एका तळ्याकाठी निघाली होती. हातात नवी कोरी बॅग, पायांत चावणाऱ्या नव्या चपला, आणि आपण चांगली सून आहोत हे जगाला दाखवायची घाई. दारात थांबून ती पोर नुसतं “येता का?” म्हणाली नाही. सासूबाईंचा हात धरून म्हणाली, “आई, तुम्हीपण चला ना. तुमच्याशिवाय मजा नाही.”

सासूबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं.”

मग सासरे घरी एकटे कसे राहणार, म्हणून सासरे. नणंद तेव्हा शाळकरी, तिला कुणापाशी ठेवणार, म्हणून नणंद. तळ्याकाठी पाचजणांनी मिळून चार दिवस मधुचंद्र केला. त्या चार दिवसांत नवराबायकोला एकांत मिळाला तो एकदाच, लॉजच्या मागच्या नळावर, पाण्याचा जग भरेपर्यंत. नळाला धार बारीक होती म्हणून जरा जास्त वेळ मिळाला. तेवढ्यात तो लाजरा फ्रेमवाला म्हणाला होता, “पुढच्या वेळी आपण दोघंच येऊ.”

पुढची वेळ चोवीस वर्षं आली नाही. लेक झाली, सासऱ्यांचं आजारपण झालं, ते गेले, दुकान एकदा हललं, लेकीच्या परीक्षा झाल्या. कधी बेत जमलाच आणि सासूबाई रीतीप्रमाणे “नको, तुम्ही जाऊन या” म्हणाल्या, तर वहिनीच बेत मोडायच्या. त्यांना एकटं टाकून कसं जायचं? गेल्याच महिन्यात सिनेमाची तिकिटं अशी परत केली होती. आता लेक शिकायला दुसऱ्या गावी गेली, घर मोकळं झालं, आणि दवाखान्यातल्या एका जुन्या मासिकात वहिनींना तो द्राक्षमळा दिसला. त्यांनी ते पान टरकावलं. दुसऱ्यांनी पानं फाडू नयेत म्हणून भिंतीवर पाटी त्यांनीच लावली होती.

तळ्याकाठचा एक फोटो होता. पाचजण ओळीने उभे. फ्रेमवाल्यांनी त्यावर पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट असा कापून बसवला की बाकीचे तिघं पुठ्ठ्याखाली गेले आणि खिडकीत फक्त नवराबायको उरली. पण वहिनींच्या डाव्या खांद्यावर एक हात राहिलाच, तपकिरी पट्ट्याचं घड्याळ बांधलेला, सासूबाईंचा. तीन वेळा माउंट कापून पाहिला. हात जायचा तेव्हा बायकोचा कानही जायचा. शेवटी हातासकट फोटो पलंगावरच्या भिंतीवर लागला. चोवीस वर्षं त्या घड्याळात चार वीस वाजलेत.

तर या वेळी बेत पक्का होता. फ्रेमवाल्यांकडे एकच काम: आईला सांगायचं. वहिनींनी दुकानात जाऊन त्यांच्याकडून तालीम करून घेतली.

“म्हणा.”

“आई, आम्ही दोघं शनिवारी बाहेर जातोय. रविवारी येऊ.”

“आठ शब्द. नववा काढायचा नाही.”

“नाही काढत गं.”

भिंतीवरच्या एका अनोळखी नवरानवरीकडे बघत त्यांनी ते वाक्य दिवसभर घोकलं. कुणा गिऱ्हाइकालाही म्हणे ते “रविवारी येऊ” म्हणाले. संध्याकाळी चहाच्या वेळी घसा खाकरला. आठच्या आठ शब्द बिनचूक आले. वहिनींनी सुटकेचा श्वास घेऊन बिस्कीट चहात बुडवलं. आणि परीक्षेतून सुटलेल्या पोराच्या मोकळेपणाने फ्रेमवाले पुढे म्हणाले, “येतेस का?”

बिस्कीट चहात पडलं.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. आधी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग टीव्हीकडे. टीव्हीकडे जरा जास्तच वेळ. मग म्हणाल्या, “बरं.”

“अगं, निघून गेलं तोंडातून,” पार्टिशनअलीकडे कुजबुज झाली.

“आठ शब्द होते.”

“आठही बोललो ना मी.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नणंदेचा फोन. “वहिनी, आई सांगत होती. म्हटलं, तुम्ही दोघं मळ्यात फिरायला गेलात तर मागे आईपाशी कोण? मी येते. तुम्ही निवांत फिरा. चालेल ना?”

“चालेल काय, मजाच येईल,” वहिनी म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता आपल्याच तोंडाकडे आश्चर्याने पाहावं असं त्यांना वाटलं.

नणंद आली की तिचे यजमान आलेच. त्यांची गाडी शिकवायची शाळा. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी शाळेची गाडी काढायचं कबूल केलं. मग वहिनींनी मळ्यावर फोन लावला. आत खुर्चीवरच्या पेशंटचं कण्हणं चालू होतं, समोर एकजण गाल धरून उभा.

“दोघांची खोली सांगितली होती ना, तिच्याऐवजी दोन खोल्या मिळतील का?”

“दोन नाहीत हो,” पलीकडून मळ्याच्या मालकीणबाई म्हणाल्या. “पाच खाटांची एक मोठी खोली आहे. चालेल?”

वहिनींनी डोळे मिटले. “चालेल.”

“बाई, आज नंबर लागेल का?” गालवाला म्हणाला.

“नाही,” वहिनी म्हणाल्या. हे ‘नाही’ जरा जास्तच जोरात लागलं असावं. माणूस न विचारता मंगळवारची वेळ घेऊन गेला.

शनिवारी गाडी दारात आली. टपावर ‘शिकाऊ’ असा हातभर लाल अक्षरांचा फलक. मास्तर फ्रेमवाल्यांना म्हणाले, “दादा, चालवा तुम्हीच. आज मला सुट्टी.” सुट्टी मास्तरांना होती, त्यांच्या पायाला नव्हती. त्या गाडीला दोन ब्रेक, एक चालवणाऱ्यापाशी आणि एक शेजारी बसणाऱ्या मास्तरांपाशी. समोर अर्ध्या मैलावर सायकल दिसली की मास्तरांचा पाय आपोआप खाली जाई. दादा वेग देणार, मास्तर रोखणार, आणि मागे तिघी बायका प्रत्येक वळणावर अशा माना डोलावणार की जणू सगळ्याच गोष्टींना त्यांचा होकार आहे.

“दादा, तुम्हाला त्रास नाही ना होत माझ्या ब्रेकचा?”

“छे छे, बरंच वाटतं. आधार असतो.”

“हवा छान आहे,” नणंद म्हणाली. खिडक्या बंद होत्या.

सासूबाईंनी मांडीवर घडीची खुर्ची धरली होती, पायाशी गरम पाण्याची पिशवी आणि स्वतःची उशी. मागून येणाऱ्या गाड्या फलक बघून कणवेने बाजूने निघून जात होत्या. एका ट्रकवाल्याने तर हात हलवून धीर दिला. वहिनी बाहेर बघत होत्या. मळे सुरू झाले होते. तारांवर चढवलेल्या वेली टेकडीवरून ओळीने खाली उतरत होत्या, नीट विंचरलेल्या केसांसारख्या. त्यांनी पुढच्या आरशात पाहिलं. आरशात नवऱ्याचे डोळे होते, आणि ते रस्ता सोडून वहिनींकडेच बघत होते.

मास्तरांनी ब्रेक दाबला.

मळ्यावर पोचायला अडीच तास उशीर झाला. मालकीणबाई मातीचे बूट घालून हसतमुखाने पुढे आल्या. “खोली बदललीत, पण संध्याकाळचा बेत तुम्ही रद्द केला नव्हता, म्हणून मांडून ठेवलाय.”

अंगणात वेलींच्या कडेला एक टेबल. दोन खुर्च्या, दोन ग्लास, एक मेणबत्ती.

मालकीणबाईंनी पाचही चेहऱ्यांवरून नजर फिरवली. “यातलं जोडपं कोणतं?”

फ्रेमवाले वेलींची पानं मोजू लागले. मास्तर म्हणाले, “तसे आम्हीही जोडपंच आहोत.” नणंदेने त्यांना कोपर मारलं. सासूबाई म्हणाल्या, “बसा तुम्ही, मी आणलीय खुर्ची.” “छे, आई, तू इथे बस.” “दादा, तुम्ही बसा.” “मास्तर, तुम्ही दमलात.” “मी कशाने दमलो, गाडी तुम्ही चालवलीत.” या आग्रहात मेणबत्ती विझली. आणखी खुर्च्या आल्या. अखेर दोघांच्या टेबलाभोवती पाचजण एकमेकांचे गुडघे सांभाळत बसले. मालकीणबाईंनी दोन ग्लासांत वाइन ओतली आणि त्या शहाणपणाने आत निघून गेल्या.

“घ्या ना, मास्तर.”

“आधी आईंना.”

“मला नको, सुनेला द्या.”

“नणंदबाई, तुम्ही घ्या.”

दोन्ही ग्लास टेबलाला पूर्ण फेरी मारून वहिनींपुढे येऊन थांबले. आत तांबडा उजेड हलत होता. वहिनींना एकाएकी ती बारीक धार आठवली, भरत आलेला जग, आणि नवऱ्याचा चोवीस वर्षांपूर्वीचा ओला हात. पुढच्या वेळी. ही तीच पुढची वेळ होती. हिच्यानंतरची कधी येणार, ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी मान वर न करता, मंगळवारची वेळ द्यावी अशा आवाजात सांगितलं, “आम्हाला दोघांनाच यायचं होतं.”

लांब कुठे तरी पाण्याचा पंप चालू होता, तो एकदम सगळ्यांना ऐकू येऊ लागला.

“मी आईसाठी आले,” नणंद हळूच म्हणाली.

“मी गाडीसाठी,” मास्तर म्हणाले.

सगळे फ्रेमवाल्यांकडे बघू लागले. ते कानापर्यंत लाल झाले. “मला यायचं होतं,” ते म्हणाले.

सासूबाईंनी घडीच्या खुर्चीत नीट रेलून घेतलं. “मला कुठे यायचं होतं? दोन दिवस घर मोकळं मिळणार, टीव्ही भिंती हलतील एवढा मोठा करून बघणार, असं मनात मांडे खात बसले होते मी. पण नको म्हटलं असतं तर तू बेत मोडला असतास. सिनेमाचा मोडलास तसा.”

वहिनींना हसावं की रडावं कळेना. “आणि तेव्हा, आई? तळ्यावर?”

“तेव्हाही नव्हतं. आठ दिवसांची सून हात धरून चला ना म्हणतेय, तिला नाही कशी म्हणू?”

“पण फोटोत तर तुमचा हात माझ्या खांद्यावर आहे.”

“ठेवला नव्हता गं,” सासूबाई म्हणाल्या. “ढकलत होते तुला त्याच्याकडे. तू जागची हलशील तर शपथ.”