वीणेतले पहारेकरी

सप्ताह बसला की वीणा जमिनीला टेकवायची नाही, गळ्यात घेऊन उभ्याने पहारा द्यायचा, ही कार्ल्याच्या देवळातली रीत. तीन वर्षांपूर्वी नथूभाऊ पहाऱ्यावर उभ्याउभ्याच घोरले आणि त्यांचं नाव यादीतून उडालं. तेव्हापासून ते कीर्तनालासुद्धा खांबाआड बसत.

यंदा चैत्रात पहाऱ्याची यादी करणाऱ्या रखमाजी आबांना दया आली. "पैला पहारा तुजा. जेवणं झाल्यावरचा. पर पापनी जरी मिटली, तर जल्मात वीणा न्हाई."

"व्हय आबा," म्हणत नथूभाऊंनी वर्षभर खुंटीला टांगलेली वीणा गळ्यात घातली. पोटात पुरणपोळी, बाहेर रणरणतं ऊन. 'रामकृष्णहरी' म्हणता म्हणता डोळे जड झाले, आणि तेवढ्यात वीणेच्या भोपळ्याला असलेल्या बारीक मेणाच्या नळीतून डासाएवढी काळी माशी बाहेर आली. मागून दुसरी. मग अख्खं खटलं.

बिननांगीच्या गरीब मधमाशा त्या, भोपळ्यात घर केलेल्या. पण डंख नाही म्हणून काय झालं? कानात शिरल्या, भुवईत गुंतल्या, बंडीत उतरल्या. वीणा खाली ठेवता येईना, हात सोडवेना. नथूभाऊ आधी मान झटकू लागले, मग या पायावर, मग त्या पायावर. डोळ्यांना धारा लागल्या. नाम मात्र सुटलं नाही, उलट चढत गेलं.

कीर्तनासाठी मळवली स्टेशनावर गाडीतून उतरून चालत आलेले दिगंबरबुवा दारातच थबकले. "अहो, काय ही तल्लीनता! आम्ही नुसतं सांगतो, हा गृहस्थ नाचतोय!"

आबा हात पसरून पुढे आले. "जिकलास, नथू. आन हिकडं, आता माजी पाळी."

"आबा, ही भक्ती न्हाई, ह्यात माशा..."

"गप. मोठेपना लपवू नये!" आबांनी वीणा गळ्यात घातली. घटकाभरात तेही नाचू लागले.

घरी नथूभाऊंची बायको झुंबरबाई त्यांच्या केसांतून एकेक माशी अलगद सोडवत होती. देऊळ झाडण्याचं काम तिचंच.

"तुला ठावं व्हतं?" नथूभाऊंनी विचारलं.

"चार दिस झालं. वीणा पुसताना दिसल्या."

"मग सांगायचं न्हाई?"

"आबांनी धूर करून मारल्या असत्या." तिने भुवईतली एक सोडवली. "अन् धनी, तुमचा डोळा लागू नये म्हून मीच देवाला साकडं घातलं व्हतं. त्यानं धाडलेली मंडळी मी हाकलू व्हय?"

शेवटची माशी तिने खिडकीशी नेऊन देवळाच्या दिशेला सोडली.