पिस्तूल शेकण्याचा मान

यंत्र बिघडणं ही खाजगी बाब असते. ते का बिघडलं हे ठरवणं मात्र सार्वजनिक कार्य असतं, आणि सार्वजनिक कार्य एकट्यादुकट्याच्या हातून व्हायचं नसतं. आरे-वारेच्या वाटेवरच्या शेवरकोंड या गावाला हे तत्त्व उपजतच ठाऊक होतं. म्हणून १९८५ सालच्या शिमग्यात लवू शिवलकराचं पिस्तूल अडकलं, तेव्हा गावाने कुणाही एका माणसाला ते दुरुस्त करू दिलं नाही.

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी पहाटे देवळाबाहेर पडते आणि तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडतानाच (पालखीला पाय नसतो, पण मानाच्या बाबतीत असतो) तीन बार लागोपाठ वाजावे लागतात. हा मान शिवलकरांचा. लवूच्या वडिलांनी, म्हणजे गलबतावरचे मुख्य खलाशी धोंडू तांडेल यांनी, पाण्यात पडलेल्या एका गोऱ्या साहेबाचा बुडता जीव वाचवला, आणि साहेबाने कृतज्ञतेने परवान्यासकट एक बेल्जियमचं पिस्तूल दिलं. तेव्हापासून बार पिस्तुलाचे. ते आकाशात मारायचे नाहीत. देवळामागच्या बंद पडलेल्या चिरेखाणीत मातीचा बांध घातलेला आहे, त्यात मारायचे. गाव भाविक असलं तरी बेसावध नव्हतं.

पिस्तूल अर्धस्वयंचलित होतं. पहिली गोळी हाताने चढवायची, पुढच्या मॅगझिनमधून आपल्या आपण वर यायच्या. पंच्याऐंशी साली पहिला बार वाजला. दुसरी गोळी अर्ध्या वाटेवर नाक वर करून थांबली, आणि पालखी, ढोल, ताशे, दोनशे माणसं आणि लवू, हे सगळं तिच्या पाठोपाठ थांबलं.

"यापरास आमचा बाबल्या बरा वाजवतो," गर्दीतून खालच्या वाडीचा गंगाराम म्हणाला. बाबल्या हा त्याचा थोरला मुलगा. गंगारामाकडे दुनळी बंदूक होती, शिवाय तीन पिढ्यांची इच्छा होती.

त्याच दिवशी सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, निर्णय झाला: पुढच्या शिमग्याला तीन बार लागोपाठ वाजले नाहीत, तर मान खालच्या वाडीला जाईल. लवू घरी येऊन वडिलांच्या तसबिरीकडे पाठ करून जेवला.

समिती सात जणांची नेमण्यात आली. सदस्यत्वाची अट एकच, की पिस्तुलाबद्दल मत हवं. अर्ज एक्केचाळीस आले.

समितीचं काम अत्यंत शास्त्रीय होतं. वर्षभरात ठरवलेल्या सात रविवारी सदस्य जेवून, थोडे आडवे होऊन, तीनच्या सुमारास खाणीत जमत. कातळ तापलेला असे. लवू तीन गोळ्या भरी, मारी, आणि तिन्ही गोळ्या बिनतक्रार जात. त्यावर समिती तपशीलवार चर्चा करून दोष शोधी. न अडकणाऱ्या पिस्तुलात दोष शोधणं हे अडकणाऱ्या पिस्तुलापेक्षा किती कठीण आहे, याची कल्पना बाहेरच्यांना यायची नाही.

रघू फौजेत होता (भटारखान्यात, पण फौज ती फौज). त्याने निदान केलं की मनगट ढिलं आहे. "पिस्तुलाला मागं ढकलायला काय तरी घट्ट लागतं, लवूदादा. तुमचं मनगट म्हंजे शिजलेला नीरफणस." लवूने दोन महिने रोज सकाळी पाण्याची कळशी हात ताणून धरली. मनगट सुधारलं, कळशीला पोचा आला.

दादू मिरकरवाड्याच्या बंदरात लाँचींची इंजिनं दुरुस्त करी. त्याच्या मते मॅगझिनची स्प्रिंग थकली होती. "सत्तेचाळीस वर्षं दाबून बसलीय ती. माणूस असता तर पेन्शन मागितली असती." त्याने स्प्रिंग काढली, ताणली, पुन्हा बसवली, आणि उरलेला एक बारीक तुकडा कशाचा हे न कळल्याने तो खिशात ठेवला. (तो तुकडा त्याच्याच चष्म्याचा निघाला.)

शिवा गुरवाने देवीला कौल लावला. देवीने उजवी कळी दिली. म्हणजे होय, दोष आहे. कुठे आहे, हे तिने सांगितलं नाही. ती समितीची सदस्य नव्हती.

उरलेल्या चौघांपैकी दोघांनी गोळ्या जुन्या असल्याचं सांगितलं, एकाने त्या नव्या असल्याचं, आणि एकाने रघूला अनुमोदन दिलं, कारण रघू त्याचा साडू होता.

परवान्यावर वर्षाला चोवीस गोळ्या मिळत. फाल्गुन उजाडेपर्यंत चाचण्यांचा तक्ता असा होता: मारलेल्या गोळ्या एकवीस, अडकलेल्या शून्य, यशाचं प्रमाण शंभर टक्के, शिल्लक तीन. समितीने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला. तीन गोळ्या आणि तीन बार हा मेळ बसवल्याबद्दल त्यात खास उल्लेख होता.

लवूला मात्र झोप लागेना. समितीने त्याला एकशे बारा प्रश्न विचारले होते. पिस्तूल कुठल्या कपाटात असतं, कुठल्या दिशेला तोंड करून, घरात कुणाचं सोयरसुतक. एकच प्रश्न विचारला नव्हता, आणि तो न विचारण्याचं कारण आदराचं होतं. लवू सव्वीस वर्षं बोटीवर इंजिनखान्यात तेलवाला होता. जगातल्या सात समुद्रांवर फिरणाऱ्या यंत्रांना त्याने तेल घातलं होतं. अशा माणसाला ‘पिस्तुलात कुठलं तेल घातलंस’ विचारणं म्हणजे गुरवाला ‘घंटा येते का वाजवता’ विचारण्यासारखं होतं.

शिमग्याच्या पहाटे थंडी उतरायचं नाव घेईना. गेल्या वर्षीसारखीच याही वर्षी फाल्गुनात सकाळी तोंडातून वाफ निघत होती. ढोल लांबून ऐकू येऊ लागले. लवू धोतर सावरत पिस्तूल पुसत होता. सावित्री, त्याची बायको, चुलीपुढे बसून वेणीसाठी तेलाची बाटली उलटी करून तळव्यावर थोपटत होती. तेल येईना.

"गोठलं मेलं," ती म्हणाली आणि बाटली चुलीशेजारच्या वैलावर ठेवली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग पिस्तुलाकडे. "ओ, आयकलंत? ती बाहेरदेशची तेलाची कुपी संपली तवापासून तुमी यात काय घालता?"

लवू पिस्तुलाची मूठ पुन्हा पुसू लागला.

"माझीच बाटली न्हेत व्हता ना? सांगा की. मी कमी झालेली बघते आनि म्हनते, ह्यांच्या डोक्यावर तर केस नायत."

लवूने सरकता भाग मागे ओढून पाहिला. तो साखरेच्या पाकातून यावा तसा, सावकाश, नाखुशीने पुढे आला. आत पांढरं, लोण्यासारखं साचलं होतं. सव्वीस वर्षं यंत्रांना तेल घातलेला माणूस खाली बसला.

"समितीनं..." तो म्हणाला.

"समिती दुपारी येते. दुपारी माझी बाटली पन सुरळीत व्हाते. द्या हिकडं. गोळ्या काढून द्या आदी!"

तिने रिकामं पिस्तूल जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं आणि पोळ्या ठेवतात तिथे, चुलीच्या कडेच्या उबदार राखेवर ठेवलं. दोन वेळा उलटवलं. मग हातात दिलं.

"पळा आता. कडेला थांबून कुनाशी बोलू नका, गार व्हईल."

पालखी उंबऱ्याबाहेर पडली आणि तीन बार वाजले. लागोपाठ. गंगाराम तिसऱ्या बारानंतरही थोडा वेळ चौथ्याची वाट पाहत राहिला, न जाणो तो अडकेल म्हणून.

लोकांनी लवूला खांद्यावर घेतलं. "काय केलंस रे? कसं सुटलं?"

आता इथे सत्य सांगता आलं असतं. पण दोनशे माणसांसमोर, पालखीच्या साक्षीने, बोटीवरच्या तेलवाल्याने यंत्रात डोक्याला लावायचं तेल घातलं, हे सांगण्याइतका सत्याचा पुरस्कार कोकणात कुणी करत नाही. लवूने खाली पाहिलं आणि म्हणाला, "काय नाय. घरच्या लक्ष्मीनं चुलीपाशी शेकून दिलं, बस."

हे खरं होतं. फार तर अर्धं.

समितीचा अहवाल पुढच्याच आठवड्यात मंजूर झाला. त्यात दोष मनगटात, स्प्रिंगमध्ये, गोळ्यांत आणि दैवात असल्याचं व ते सर्व दूर केल्याचं नमूद होतं. सत्त्याऐंशी साली शिमग्याच्या पहाटे शिवलकरांच्या अंगणात चाळीस माणसं जमली, सावित्रीने पिस्तूल शेकलं, दोन वेळा उलटवलं, आणि ढोल वाजला. अठ्ठ्याऐंशी साली जुनं लुगडं फाटलं, तर फडक्याला दुसरं लुगडं चालेल का यावर बैठक बसली. एकोणनव्वद साली खालच्या वाडीने रीतसर मागणी केली, की बार शिवलकरांचे राहू देत, शेकण्याचा मान तरी आम्हाला द्या.

मधल्या काळात लवूच्या भाच्याने मुंबईहून पिस्तुलाच्या खास तेलाची बाटली पाठवली. हे तेल कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, असं तिच्यावर छापलं होतं. लवूने ती बरेच दिवस हातात धरून पाहिली.

"घालू?" त्याने विचारलं.

"आनि मंग मी शिमग्याला शेकू काय?" सावित्री म्हणाली.

बाटली माळ्यावर गेली. दरवर्षी दसऱ्याला लवू सगळ्यांच्या देखत पिस्तुलाची पूजा करी, आणि कुणी बघत नसताना त्यात चमचाभर खोबरेल घाली. शेकायला काहीतरी गोठलेलं लागतंच.

शेवरकोंडवाल्यांना हसणं सोपं आहे. ते खुद्द एकमेकांना हसतात. हसून झालं की वाचकांनी एवढंच करावं: आपल्या घरात जे ‘आमच्याकडे हे असंच करतात’ म्हणून चालत आलंय, आणि का, हे विचारलं की थोरली माणसं रागावतात, त्याच्या सांध्यात हळूच बोट घालून वास घ्यावा. खोबरेलाचा वास पिढ्यान्‌पिढ्या जात नाही.