म्हसू आणि तिसरा माणूस

खोलीत तिसरा माणूस आला की म्हसूचं बोलणं थांबायचं. वाक्य पुरं करून नव्हे, जिथं असेल तिथं. एकदा सकाळी तो मला म्हणाला, "सांगलीकर, तुझ्या चपलेचा अंगठा तुटलाय, म्हनून ती मी..." एवढ्यात शेजारचे पोस्टमन काडेपेटी मागायला आले आणि गप्पा मारत बसले. म्हसू उठून खिडकीपाशी गेला. पुढं पोस्टमन गेले, पण खानावळवाल्या काकू आल्या, मग मी बाहेर पडलो. दोन दिवस मी चप्पल शोधत अनवाणी फिरलो. तिसऱ्या दिवशी दाढीला बसलो असताना मागून आवाज आला, "...शिवून आनलीया. दाराच्या मागं ठिवलीया."

हे सांगायला दोन दिवस का लागले, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तू एकटा कुठं गावलास?"

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी सांगलीचा, तो वडूजच्या पुढच्या कोरड्या मुलखातला. दोघंही मॅट्रिक झालेले, दोघंही नोकरीच्या शोधात, म्हणून साताऱ्यात एका खोलीत भाडेकरू. म्हसू उंच, हाडापेरानं दणकट, आणि चालताना भिंतीच्या कडेनं जाणारा. एका माणसाशी तो तासन्‌तास बोलायचा आणि चांगलं बोलायचा. समोरच्याला काय दुखतं, काय आवडतं, कशाची भीती वाटते, हे त्याला सहज कळायचं, कारण तो विचारायचा आणि मग खरोखर ऐकत बसायचा. पण दुसऱ्याबरोबर तिसरा आला की त्याच्या कपाळावर घाम. खानावळीत एकानं भाजी, दुसऱ्यानं आमटी आणि तिसऱ्यानं भात एकदम आणला, की तो ताटावर हात आडवा धरायचा आणि म्हणायचा, "एकेकानं गड्या, एकेकानं."

अशा माणसाला नोकरी मिळायची म्हणजे मुलाखतीतून जायला हवं. सांगलीत एका पेढीवर त्याला बोलावलं होतं. समोर तीन सद्गृहस्थ बसलेले. मधल्यानं नाव विचारलं. म्हसूनं नाव सांगण्याऐवजी हात जोडले आणि विनंती केली, "साहेब, दोघंजन जरा भाईर बसत्याल का?" त्यांनी म्हसूलाच बाहेर बसवलं.

मी त्याला तयार करायचं ठरवलं. खोलीतली ट्रंक, स्टोव्ह, कंदील, गुंडाळलेल्या वळकट्या, सगळ्यांवर टोप्या चढवल्या. पोस्टमननी आपली खात्याची टोपीसुद्धा दिली. म्हटलं, हे साहेब लोक आहेत, यांच्यापुढं बोल. म्हसू बोलला. नाव, शिक्षण, हिशेब येतो, अक्षर बरं आहे, सगळं न अडखळता. मला वाटलं, जमलं. तो म्हणाला, "टोप्या ऐकून घेत्यात रं. मानसं मधीच एकमेकाकडं बघत्यात."

अशात फलटणच्या बाजूच्या एका साखर कारखान्याची जाहिरात आली. हंगामासाठी काही माणसं हवी होती. आम्ही दोघांनी अर्ज केले, दोघांना बोलावणं आलं. बोलावण्यात लिहिलं होतं की सर्व उमेदवारांची मुलाखत एकत्र होईल. कारखान्याचे मॅनेजर लष्करातून आलेले मेजर होते. फौजेत अधिकारी निवडताना उमेदवारांना एकत्र बसवून बोलायला लावतात, म्हणून त्यांनी कारकुनांनाही तसंच निवडायचं ठरवलं होतं.

मला वाटलं, म्हसू आता येणार नाही. त्यानं ते पत्र वाचलं, घडी केली आणि विचारलं, "फलटनच्या कुठल्या अंगाला हाय ह्यो कारखाना?"

मी सांगितलं, कालव्याच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात.

"मग जायाचं," तो म्हणाला.

"सगळे एकत्र असणार आहेत, म्हसू."

"व्हय. वाचलं."

आम्ही सर्व्हिस मोटारीनं आदल्या दिवशी संध्याकाळी पोचलो आणि एका धर्मशाळेत उतरलो. सकाळी जाग आली तेव्हा म्हसू शेजारी नव्हता. कारखान्याच्या फाटकापाशी छपराखालचं एक चहाचं दुकान होतं. तिथल्या बाकावर तो बसला होता आणि समोर वाईचा एक गोरा, बारीक मुलगा मन लावून काहीतरी सांगत होता. मी पुढं झालो तसा म्हसूनं मला हातानं थांबवलं. वाईकर उठून गेला तेव्हा त्यानं खूण केली.

"काय चाललंय?"

"वळख करून घेतोय. एकेकाची. मग समदी एकदम बसली तरी ती गर्दी न्हवं, वळखीची मानसं."

उमेदवार येत गेले तसा म्हसू एकेकाला चहाला नेत गेला. मिशीवाला हवालदार, फौजेतून नुकताच परतलेला. कराडच्या एका वकिलाचा मुलगा, ज्याच्या बुटांचा आवाज लांबून यायचा. फलटणचाच एक कुस्तीगीर. लोक त्याच्याबरोबर जाताना संशयानं जायचे आणि परत येताना डोळे पुसत किंवा हसत यायचे. हवालदार तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून परतला. आम्हाला आत बोलावलं तेव्हा म्हसूनं इतका चहा घेतला होता, की त्याला घामाचं दुसरं कारणही होतं.

आत गोल मांडलेल्या खुर्च्या होत्या. मेजरसाहेब कोपऱ्यात पाइप घेऊन बसले. म्हणाले, "समजा, कारखान्याच्या दारात उसाच्या गाड्यांची रांग लागली आहे. यंत्र बंद पडलंय. गाडीवान चिडलेत, बैल तहानलेत. काय कराल? आपसांत बोला. मी नाही असं समजा."

पुढचा अर्धा तास मेजरसाहेब नाहीत असं कुणीच समजलं नाही. सगळे त्यांच्याकडे बघून बोलत होते. वकिलाचा मुलगा शिस्तीवर बोलला, हवालदार पहाऱ्यावर, कुस्तीगीर म्हणाला की दोघंतिघं आडवे केले की रांग सरळ होते. मीही दोनदा तोंड उघडलं आणि दोन्हीदा माझं वाक्य वकिलाच्या मुलानं पुरं केलं. म्हसू खुर्चीच्या कडेवर बसून आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. मला वाटलं, हा आता उठून जाईल. तो उठला नाही.

मेजरसाहेबांनी हात वर केला. "पुरे. आता एकेकानं सांगा, तुमच्यापैकी कोण कोणत्या कामाला चांगला."

प्रत्येकानं स्वतःचंच नाव पुढं केलं. म्हसूची पाळी आली. तो आपल्या गुडघ्यांकडेच बघत राहिला. मेजरसाहेबांनी पुढच्याकडे मान वळवली, तेवढ्यात म्हसूनं आपली खुर्ची उचलली आणि हवालदाराच्या अगदी पुढ्यात, बाकी सगळ्यांकडे पाठ करून, मांडली.

"हवालदार," तो म्हणाला, "तुमाला लढाईवरनं आल्यापास्नं रातीची झोप न्हाई. तुमी रातपाळीचं काम घ्या. दिसा डोळा लागतोय म्हनलासा न्हवं?"

हवालदार लाल झाला. म्हसू खुर्ची घेऊन वाईकराकडे गेला.

"वाईकर, तुझं अक्षर लय देखनं. पर आकडं दिसलं की तुझ्या पोटात गोळा येतोय. तू पत्रं लिव्ह, वह्यांकडं जाऊ नगंस."

वाईकर म्हणाला, "अरे, ते मी तुला खाजगीत सांगितलं होतं."

"मी बी तुलाच सांगतोय," म्हसू म्हणाला आणि पुढं गेला. वकिलाच्या मुलाला त्यानं सांगितलं की तुझं मन मुंबईला आहे, वडिलांना तसं सांग आणि जा. कुस्तीगिराला म्हणाला, "पैलवान, तुमी कुनाला आडवं करू नगासा. बैलांकडं बघा. तुमच्या बैलाची गोष्ट सांगताना तुमचा आवाज बसला हुता." मग माझ्यापुढं खुर्ची आली. "सांगलीकर, तू हितं नगंस. तू पोरांत बरा. शाळंत जा."

कुणी हसलं नाही. मेजरसाहेबांचा पाइप विझला होता.

"आणि याच्याबद्दल कोण सांगतंय?" त्यांनी विचारलं.

सगळे एकदम बोलायला लागले. चांगला माणूस आहे, दिलदार आहे, समजूतदार आहे. मेजरसाहेब म्हणाले, "गाव कोणतं याचं? घरी कोण असतं?" तेव्हा सगळे थांबले. चहाच्या दुकानात सगळ्यांनी स्वतःचंच सांगितलं होतं. गाव मला माहीत होतं, ते मी सांगितलं. घरी कोण असतं ते मलाही ठाऊक नव्हतं.

मेजरसाहेब उठून म्हसूच्या जवळ आले. "तुम्हाला कोणतं काम हवंय?"

आता म्हसूला समोर फक्त मेजरसाहेब दिसत होते, त्यामुळं आवाज सरळ आला. "मला काट्यावर घ्या साहेब. वजनाला."

"का?"

"गाड्या एकेक येत्यात."

तेव्हा मात्र सगळे हसले, मेजरसाहेबही.

म्हसूला काट्यावर घेतलं. हवालदाराला रातपाळी मिळाली, कुस्तीगिराला बैलतळावर नेमलं. मला त्या दिवशी परत पाठवलं आणि पुढच्या जूनमध्ये मी साताऱ्यात शाळेत लागलो, पण तो निराळा विषय.

तो हंगाम भरात असताना एके दिवशी मी म्हसूला भेटायला गेलो. काट्याच्या खिडकीत म्हसू मजेत होता. गाडी काट्यावर चढायची, गाडीवान खिडकीशी यायचा, वजन होईतो दोघांचं बोलणं व्हायचं. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून माहेरी गेली. रांग थोडी सावकाश सरकायची, पण कुणी कुरकुरत नव्हतं. सगळ्यांनाच आपली पाळी हवी होती.

दिवस कलला तसा त्याचा बदली माणूस आला. म्हसूनं फडक्यात भाकरी आणि गुळाचा खडा बांधला आणि म्हणाला, "चल, जरा जाऊन येऊ."

कालव्यापलीकडे ऊस तुटून गेलेल्या एका रानात मेंढरांचा कळप बसला होता. कडेला तीन दगडांची चूल, दोन घोडी, घोंगड्यांचा ढीग. चुलीपाशी लाल पागोट्याचा एक म्हातारा लोकर विंचरत होता. म्हसूनं फडकं त्याच्यापुढं ठेवलं. म्हाताऱ्यानं भाकरी मोडली, अर्धी म्हसूला दिली, माझ्याकडे बघून त्यातलीच थोडी मलाही दिली. दोघांची हाडं एकाच मापाची होती.

"बा हाय माझा," म्हसू म्हणाला.

म्हातारा मेंढरांकडे गेला तेव्हा म्हसू हळूहळू बोलू लागला. आई लहानपणीच गेली. एका गुरुजींनी बापाला सांगून याला बोर्डिंगात घातला. सुट्टी लागली की पोरं घरी जायची, हा दारात उभा राहायचा, कारण घर कुठं आहे तेच ठाऊक नसायचं. कळप आज या रानात, उद्या त्या. बोर्डिंगात मागं स्वयंपाकी आणि हा, दोघंच उरायचे.

"येका दिवाळीला हुडकत निघालो," तो म्हणाला. "चार गावं फिरलो. जितं जाईन तितं म्हनायची, कालच गेली मेंढरं. माघारी आलो."

मी चुलीत एक काटकी सरकवली.

"दरसाल ह्या पट्ट्यात मातुर येत्यात. ऊस तुटला की रानं मोकळी व्हत्यात, शेतकरी खतासाठी मेंढरं बसवाय बोलिवत्यात. म्हनून त्या कागदावं फलटन वाचलं तवा म्हनलं, आपनच वाटंवर जाऊन बसावं."

पलीकडे म्हातारा एका कोकराला दोन्ही हातांत उचलून त्याच्या आईला लावत होता. म्हसू त्याच्याकडे बघत राहिला. मग भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला,

"औंदा एक मुक्काम जास्ती केलाय त्यानं."