पेनल्टी, वॉफल आणि कॉफीचं बटण

"यंदाचा वॉफलचा स्टॉल माझ्यावर सोडा आणि निर्धास्त राहा!" सिगब्यर्नने क्लबच्या बैठकीत छाती ठोकून सांगितलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, हा भाग वेगळा.

हेग्रेविकच्या फुटबॉल क्लबात कामाची वाटणी अगदी साधी होती. बायकांनी सामने जिंकायचे, पुरुषांनी वॉफल भाजायचे. पुरुषांचीही एक टीम होती म्हणा, पण तिचा खेळ बघायला त्यांच्या आयासुद्धा फिरकत नसत. बायकांची टीम मात्र अशी तगडी, की यंदाचा शेवटचा सामना नुसता बरोबरीत सुटला तरी थेट वरच्या गटात! आणि गोलकीपर कोण? सिगब्यर्नची बायको सोलफ्रिद. वय एकोणचाळीस, गुडघे त्याहून म्हातारे. हा तिचा अखेरचा सामना होता.

"एकच मागते," सकाळी ती म्हणाली. "इतकी वर्षं मी गोलात उभी आणि तू त्या टपरीत. आज संध्याकाळी एकदा तरी बाहेर येऊन माझा खेळ बघ."

"अगं, बघणार म्हणजे काय! स्टॉल असा लावतो की आपोआप चालेल!"

इथेच माशी शिंकली. स्टॉल आपोआप चालावा म्हणून त्याने गावाच्या ग्रुपवर टाकलं, 'दुग्नादसाठी कुणी एखादं वॉफलचं मशीन आणेल का?' आता दुग्नादची, म्हणजे गावाच्या फुकट श्रमदानाची, हाक आली आणि हेग्रेविकचा माणूस घरी बसला, असं कधी झालंय? पदरमोड करून राबायचं, वर हसायचं! आपण नाही नेलं तर गाव काय म्हणेल, या धास्तीने प्रत्येकाने आपलं मशीन काखोटीला मारलं आणि टपरी गाठली.

सर्वांत पुढे ओसेबाई. वय ऐंशी, आवाज वीस माणसांचा. "हे माझ्या सासूचं मशीन. बिडाचं आहे. यातला वॉफल म्हणजे वॉफल, बाकीचे सगळे पुठ्ठे!"

"अहो ओसेबाई, जागा नाही हो."

"मग जाते मी घरी," म्हणत बाईंनी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसल्या.

तेवढ्यात क्लबची अध्यक्ष बोर्गहिल्द खिडकीतून डोकावली. "सिगब्यर्न, टपरीची आणि मैदानाच्या दिव्यांची लाइन एकच आहे, ठाऊक आहे ना? दोनच्या वर तिसरं मशीन लावलंस तर बघ!"

"दोनच गं, दोनच!"

पण नाही म्हणायचं कुणाला? फुकट राबायला आलेल्या माणसाला परत धाडणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. त्याने भीत भीत तिसरं लावलं. दिवे शाबूत. चौथं लावलं. शाबूत! मग काय, भीड चेपली. मध्यंतरापर्यंत टपरीत नऊ मशिनं धगधगत होती. "बोर्गहिल्दला विजेतलं काय कळतंय, कपाळ!" सिगब्यर्न कपाळावरचा घाम पुसत म्हणाला.

मध्यंतरात सोलफ्रिद हातमोज्यांसकट खिडकीशी आली. "एक मिनिटही पाहिलं नाहीस ना?"

"आलोच! एवढं पीठ संपू दे!"

पीठ कसलं संपतंय! प्रत्येकाने आपापलं पातेलंही आणलं होतं. एकाचं वेलदोडे घालून, दुसऱ्याचं आंबट साय घालून, आणि आमचं आधी भाजा म्हणून भांडणं! वॉफलवर ठेवायचं तपकिरी चीज कापता कापता सिगब्यर्नचा हात भरून आला.

एक-एक अशी बरोबरी. शेवटची दोन मिनिटं. आणि बाहेरून किंकाळी आली, "पेनल्टी! आपल्यावर!"

सगळ्यांनी पिठाचे डाव फेकले आणि बाहेर धाव घेतली. सिगब्यर्ननेही एप्रन काढला, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला, तोच समोर पाहुण्या टीमचा बस ड्रायव्हर उभा. "भाऊ, कॉफी मिळेल का? थंडीने मेलो."

"नंतर!"

"कॉफीचं मशीन तर भरलेलंच दिसतंय. बटणच दाबायचंय ना?"

खरंच की, बटणच तर दाबायचं होतं. सिगब्यर्न मागे वळला आणि दाबलं.

फट्!

अख्खं मैदान काळंकुट्ट. त्या अंधारात चेंडूला बसलेली लाथ ऐकू आली, मागोमाग 'थप्प' असा आवाज, आणि मग सोलफ्रिदची आरोळी, "अडवला! अडवला मी!"

"कसला अडवलास? आत गेलाय!" पेनल्टी मारणारी ओरडली.

फ्यूज बसवला, पण ते दिवे कसले हट्टी! थंड झाल्याशिवाय पेटायला तयार नाहीत. अखेर उजेड आला तेव्हा सोलफ्रिद गोलासमोर पालथी पडलेली, चेंडू पोटाशी घट्ट धरलेला.

"मला काहीच दिसलं नाही, बाई," रेफरी म्हणाला. "पुन्हा मारायची."

"अहो, वरच्या कोपऱ्यातून काढलाय मी तो! एका हाताने! जन्मात असा काढला नव्हता!"

"असेल. पण पाहिला कुणी?"

सोलफ्रिदने सावकाश मान वळवून टपरीकडे पाहिलं. सिगब्यर्नला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं, निदान पिठाच्या पातेल्याने तरी.

दुसऱ्या वेळी ती घसरली, उलट्याच बाजूला आपटली आणि चेंडू तिच्या हवेतल्या टाचेला लागून बाहेर गेला. सारा गाव नाचला! टीम वरच्या गटात! ओसेबाईसुद्धा खुर्चीवरून उठल्या.

घरी जाताना गाडी सोलफ्रिद चालवत होती. सिगब्यर्नच्या मांडीवर ओसेबाईंच्या सासूचं मशीन होतं, घासून द्यायचं कबूल केलेलं.

"टाचेला लागला त्यावर नाचले," ती म्हणाली. "आणि खरा अडवला तो कुणी बघितलाच नाही. तूही नाही."

"चुकलं गं माझं."

तिचा चेहरा जरा निवळला. त्याने तिथेच गप्प बसायचं की नाही? पण जीभ वळवळली. "रागावू नकोस हं, पण तो पहिला... खरंच अडवला होतास ना?"

गाडी कचकन थांबली.

"उतर."

घर अजून बरंच लांब होतं. आणि बिडाचं मशीन चांगलंच जड होतं हो!