तारकाकांची स्कूटर

हे लिहायचंच नाही, असं जवळजवळ ठरलं होतं. लोक हसतील म्हणून नाही. हसले तर बरंच आहे. पण यात एक बाई रडल्यात, आणि त्या अगदी खऱ्या रडल्यात, म्हणून हात मागे येत होता. शेवटी म्हटलं, झालं ते झालं, जसं झालं तसं सांगून टाकावं.

ही गोष्ट सुतळीची. सुतळी हे नाव नाही, अंगकाठी आहे. रक्त तपासायच्या लॅबमध्ये तो रिपोर्ट घरोघर पोचवायचा, सायकलवरून. एक दिवस लॅबच्या मॅडम म्हणाल्या, की तू पोचेपर्यंत पेशंट एक तर बरा होतो, नाहीतर दुसऱ्या लॅबकडे जातो. महिनाअखेरपर्यंत गाडी घे, नाहीतर मी गाडीवाला माणूस बघते. घरात कमावता तो एकटाच. कारखाना बंद पडल्यापासून वडील खिडकीपाशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे दोष काढत.

गाडी मिळवून दिली पान्याने. पान्या म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त, आता गॅरेजात मेकॅनिक. आई आजारी, थोरल्या भावाकडे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यामुळे पान्याचं अर्धं लक्ष कायम तिकडे. स्कूटर राखाडी होती. रंग मूळचा की वयाने आलेला, सांगता येत नव्हतं.

"एकाच माणसाने वापरलीय," पान्या म्हणाला. "आणि कधी पळवली नाही. त्याला घाई नसायची."

कोणाला, ते त्याने सांगितलं नाही. किंमत इतकी कमी होती की सुतळीला विचारायची भीती वाटली.

पहिले काही दिवस तो आणि स्कूटर एकमेकांना सहन करत होते. किक मारली की ती आधी खोकायची, मग विचार करायची, मग बंद पडायची. आरसा एकच, त्यात रस्ता सोडून स्वतःचा खांदा दिसायचा. सीट खचलेली, तीही दुसऱ्याच कोणाच्या तरी बैठकीने. बसलं की परक्या माणसाच्या मांडीत बसल्यासारखं वाटायचं. आणि ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. मोठा नाही. बारीक, लांबट, दमलेला. कुठेतरी वायर चिकटलीय, पान्या म्हणाला, बघू सवडीने.

वडिलांनी खिडकीतून बराच वेळ पाहिलं. "ही गाडी मी कुठेतरी बघितलीय," ते म्हणाले. "कुठे ते आठवत नाही. पण चांगल्या वेळी नाही."

रस्त्यात मात्र लोक वेगळंच वागत. स्कूटर दिसली की बोलता बोलता थांबत, माना खाली घालत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर टोपी काढली. सुतळीला वाटलं, गाडी घेतली की माणसाला मान मिळतो तो असा.

मग ते घर आलं. एका साहेबांचा रिपोर्ट होता. सुतळीने फाटकाशी ब्रेक दाबला, हॉर्न वाजला, आणि तो स्टँड लावतोय तोवर दार उघडलंही. दारात साहेबांची बायको, हातात पिळलेलं फडकं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी लॅबमधून."

"ते नाही रे. कोण?"

त्याने साहेब आहेत का विचारलं. ते ऑफिसला गेलेत, बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांचा आवाज फाटला. चेहरा पांढराफटक. यांना चक्कर येतेय की काय म्हणून सुतळी काळजीने म्हणाला, "तुम्ही आधी बसा."

बाई पायरीवर बसल्या आणि त्यांनी असा हंबरडा फोडला की शेजारचा कुत्रा उठून लांब जाऊन बसला.

मग सगळं भराभर झालं. शेजारणी आल्या. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ गॅलरीत आले, खाली स्कूटर बघितली, आत गेले आणि शर्ट घालून आले. कोणीतरी बाईंच्या भावाला फोन केला. तो परगावाहून निघालासुद्धा. शर्टवाल्या गृहस्थांनी साहेबांच्या ऑफिसात फोन लावला. तिथला शिपाई म्हणाला, "साहेब? ते मघाशीच गेले."

गृहस्थांनी फोन खिशात ठेवला आणि सगळ्यांकडे बघून नुसती मान हलवली. आता शंकेला जागाच उरली नाही. सुतळीलाही उरली नाही. त्याला भरून आलं. हातात साहेबांच्या रिपोर्टचं पाकीट, आणि साहेब नाहीत. त्याने कोपऱ्यात जाऊन मॅडमना फोन केला.

"मॅडम, साहेब गेले."

"गेले म्हणजे? त्यांचा रिपोर्ट नॉर्मल आहे."

"हो मॅडम. साखर नॉर्मल, कोलेस्टेरॉल नॉर्मल. पण गेले."

मग मॅडम अगदी हळू बोलल्या, की पाकीट कोणाच्या हातात देऊ नकोस. शर्टात घाल आणि परत ये.

सुतळी पाकीट शर्टात कोंबत होता तेवढ्यात साहेब आले. डोकं दुखतंय म्हणून लवकर निघाले होते. दारात ही गर्दी. त्यांनी कडेच्या माणसाला हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

"या घरातले साहेब," तो माणूस वळूनही न बघता म्हणाला. "भला माणूस होता."

साहेब थोडा वेळ आपल्या बुटांकडे बघत उभे राहिले. मग बाईंनी त्यांना पाहिलं. रडणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, पण आता त्यात राग होता. आणि मग सगळ्या माना एकदम सुतळीकडे वळल्या.

"तू रिपोर्ट द्यायला जातोस आणि माणसं मारून येतोस," मॅडम म्हणाल्या. तोच त्याचा तिथला शेवटचा दिवस.

तो तसाच गॅरेजात गेला. पान्याने त्याच्याकडे न बघता पाना पुसला आणि मग सगळं ओकला. स्कूटर तारकाकांची. काका पूर्वी तार ऑफिसात होते. तारा बंद झाल्या, तरी कोणाकडे कोणी गेलं की फोनवर सांगायची हिंमत नसलेली माणसं काकांनाच गाठायची. काका स्कूटरवरून जायचे, दार उघडलं की म्हणायचे, तुम्ही आधी बसा. मग सांगायचे. इतकी वर्षं. आता गुडघे गेले, म्हणून गाडी विकायला काढली.

"हे तू मला आधी नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू घेतली असतीस?"

सुतळी स्कूटर परत द्यायला तारकाकांकडे गेला. ब्रेक दाबला, हॉर्न वाजला. काका आत खाटेवर होते. त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

"नोकरी," सुतळी म्हणाला.

काका हसले नाहीत. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. पण गाडी परत घेतली नाही. म्हणाले, दारात बघितली की माझीच बायको दचकते.

घरी वडिलांनी त्या दिवशी खिडकी लवकर लावली. सुतळी रोज एकेका दुकानात काम विचारून यायचा. स्कूटर लांब उभी करून.

आणि एके सकाळी तेच साहेब त्याच्या दारात. ऑफिसला निघालेले, पण डोळे लाल. त्यांच्या सासूबाई गेल्या होत्या, परगावी, पहाटे. बायकोला अजून माहीत नव्हतं.

"मला सांगायला जमत नाहीये," साहेब म्हणाले. "तोंड उघडलं की हवापाण्याचं बोलतो. तुझा हॉर्न ऐकला की ती निदान आपली आपण बसेल."

सुतळी गेला. फाटकाशी हॉर्न वाजला. बाई बाहेर आल्या, त्याला बघितलं, स्कूटरला बघितलं आणि पायरीवर बसल्या.

"या वेळी खरं आहे का रे?"

"हो," सुतळी म्हणाला आणि त्यांच्या शेजारी बसला.

त्यानंतर लोक त्याला बोलवायला लागले. जाण्यायेण्याचं देतात, कोणी वर काही देतं, घर चालतं. वडील कोणाला सांगताना म्हणतात, पोरगा निरोपाच्या खात्यात आहे.

परवा पान्याने आपण होऊन विचारलं, हॉर्नची वायर नीट करून देऊ का. सुतळी म्हणाला, राहू दे. पान्या खाली बसून उगीच एक नट घट्ट करत राहिला. त्याच्या आईला आता जेवण जात नव्हतं, हे सुतळीला माहीत होतं.

"भाऊ मला फोन करणार नाही," पान्या म्हणाला. "तुलाच करेल. माझ्याकडे येशील तेव्हा तो हॉर्न वाजवू नकोस."

"ब्रेक दाबला की वाजतोच ना."

"मग दाबू नकोस."

सुतळीने थोडा विचार केला. "कोपऱ्यावरच बंद करीन. तिथून ढकलत आणीन."

"आणि बसा-बिसा म्हणू नकोस मला."

"नाही म्हणणार. आधी मीच बसेन. तू बसलास की सांगेन."

"शब्द?"

"शब्द."