गाडी मंगळवारी येते

चिखल्याच्या रामनाथांनी सोळा वर्षं जावा या भाषेत प्रोग्राम लिहिले आणि ओळीअखेरचा सेमिकोलन कधी चुकवला नाही. औषधांची गाडी पाड्यावर कधी येणार, हे सांगणारं ॲपही त्यांचंच. २०१७च्या पावसाळ्यानंतर गाडीचा वार मंगळवारचा शुक्रवार झाला. ॲपने आपला शब्द बदलला नाही.

त्यांच्या चिकूवाडीत फळं तोडणारी बारकी दर मंगळवारी खाडा करून पाड्यावरच्या चिंचेखाली बसायची. रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या.

"शेठ, गाडी नाय आली."

"ॲप काय म्हणतं?"

"सून सांगते, मंगळवार."

"मग येईल."

त्याच आठवड्यात पुतणी मयूरी आली. "काका, वार शुक्रवार झालाय. मी ॲप कोटलिन या नव्या भाषेत पुन्हा लिहिलंय. पुढे वार बदलला तर गाडीवरची नर्सच तो ॲपमध्ये बदलेल."

रामनाथांना शुक्रवार ऐकू आला. कोटलिन जास्त मोठ्याने ऐकू आलं.

"सेमिकोलन नाही?"

"लागत नाही, काका."

न सांगता घराबाहेर पडलेल्या पोराकडे बघावं, तसं त्यांनी तिच्या लॅपटॉपवरच्या ओळींकडे बघितलं.

मसोलीत संगणकज्ञ मंडळाची तातडीची सभा भरली. अकरा सभासद, चहा दोनदा. ठराव झाला: सदर भाषा परिपक्व होईपर्यंत थांबावे.

"तोवर जुन्यातला वार तरी बदला," मयूरी म्हणाली.

"प्रकरण वादात आहे, बेन," अध्यक्ष जतीनभाई म्हणाले. "वादातल्या वस्तूला हात लावता येत नाही."

त्यावर मयूरीनेही बाणेदारपणे जाहीर केलं, की यापुढे जावाच्या ओळीला ती बोट लावणार नाही.

"पोरीशी भांडता कशापायी, शेठ?" बारकीने एका हाताने झाड धरत विचारलं. हल्ली तिला गरगरायचं.

रामनाथांनी समजावलं. तिने ऐकून घेतलं.

"चिकूचं कलम आपण रायणीच्या खोडावरच बांधतो ना? फळ खाताना खोड कशाचं, ते कोण पुसतं?"

कोटलिन जावाच्याच खोडावर चालते, हे रामनाथांना ठाऊक होतं. राग त्याचाच होता.

अखेर माघात समेट झाला: भाषा नवी, मजकूर जुना. ॲप कोटलिनमध्ये, वार मंगळवार. मयूरीला शाल, रामनाथांना श्रीफळ. दोघांचेही डोळे पाणावले.

आता चिंचेखाली सून एकटीच बसते. बारकीला उठवत नाही.

गाडी शुक्रवारी येते, हे अकराही सभासदांना माहीत होतं. बारकीला तोंडाने सांगावं, हे कुणाला सुचलं नाही. वाचकहो, हसू नका. तुम्हीसुद्धा इथवर कोणती भाषा जिंकते, तेच बघत आलात.