बाळकुमचे सरकारी हंस

मी कुणाच्या बापाला भीत नाही! शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण साहेबाच्या तोंडावर बोलतो. सन १८९१ साली बाळकुमची खाडी वाचवली कुणी? मी! अल्फान्सोनं!

आमच्या पाणथळीत मिठागर घालायचं घाटत होतं. म्हणजे आवडाबाई कोळणीचं जाळं बंद, कोळीवाड्याच्या चुली बंद. पण वरचा साहेब पक्षीवेडा. म्हणाला, "तीस राजहंस अंडी उबवताना दिसले तर मिठागर रद्द. बलूनमधून मोजणी करू!"

राजहंस? आमच्याकडे बगळासुद्धा वाट चुकला तरच येतो!

"अरे, आपले आहेत ना!" बिट्रिस मावशी म्हणाली. नाताळला कापायला आमच्या घरोघरी हंस पोसलेले असतात. सकाळीच चाळीस हंस टोपल्यांतून नेऊन गवतात बसवले. साहेबाची नजर अधू. त्याला पाळीव काय नि रानटी काय!

बलून उचलणार एकच माणूस, आणि साहेब म्हणजे दोन रेडे. "मी जातो!" मी छाती ठोकली. ठरलं असं, की हंस दिसला की वरून लाल फडका एकदा हलवायचा आणि खाली साहेबानं लिहायचं. आवडाबाईनं डोक्याचाच फडका सोडून दिला.

"तिसाच्या खाली येऊ नको रं बाबा. माझ्या पोरांचं पोट तुझ्या हातात हाय!"

दोरखंड सैल झाला. मी वर गेलो, माझं पोट खालीच राहिलं! टोपली अशी डुलत होती, जसा दारू प्यालेला नवरदेव. एक डोळा उघडून पाहिलं. बलूनची सावली गवतावरून सरकली आणि हंसांना वाटलं, घार आली, केवढी थोरली! चाळीसच्या चाळीस गडप. शून्य!

आवडाबाईची पोरं डोळ्यांपुढे आली. हात थरथरायला लागला. त्याच हातात फडका! दुसऱ्या हातानं धरायला गेलो, तर तोही थरथरू लागला!

"पुरे रे, अल्फान्सो!" मावशी खालून ओरडली.

"पुरे रं, मुडद्या!" आवडाबाई.

मला काय हौस होती?

खाली उतरलो तर साहेब रडत होता. आनंदानं! "चारशे बारा! मिठागर रद्द!"

कोळीवाड्यानं मला खांद्यावर घेतलं. तेवढ्यात साहेब पुढे बोलला, "एवढी मोठी वस्ती! उद्यापासून इथे माणसानं पाऊल टाकायचं नाही. जाळं नाही, होडी नाही. आतले हंस सरकारी!"

कोळीवाड्यानं मला खांद्यावरून टाकलं.

"पण साहेब, ते हंस तर आम..." मावशीचं तोंड मी दाबलं. खरं बाहेर पडलं असतं तर मिठागर पुन्हा उभं!

नाताळला आम्ही सुके बोंबील खाल्ले. साहेबानं खूश होऊन मलाच पाणथळीचा राखणदार नेमलं. पहिल्याच दिवशी दोन चोर सापडले. आवडाबाई जाळं घेऊन, आणि मावशी स्वतःच्याच हंसांना कोंडा घालताना.

"बाहेर निघा!" मी दरडावलं.

"नाही निघत. काय करशील?" मावशीनं कोंड्याची पाटी उगारली.

तेव्हापासून मी रोज पाणथळीकडे पाठ करून पहारा देतो. मागे जाळं पाण्यात पडल्याचा आवाज येतो. मी ऐकत नाही.

कुणाच्या बापाला भीत नाही असं म्हणालो होतो. मावशीबद्दल मी काही बोललो नव्हतो!